व्यासपीठावरील ध्वनिग्राहकाची निवड आणि हिंदुस्थानी मैफल

संगीताच्या इतिहासाचा विचार करताना घराणी, गुरुपरंपरा, बंदिशी व आश्रयदाते ह्यांची चर्चा आपण विस्ताराने करतो. गेल्या शतकातील मैफलीविषयी लिहिताना मात्र गायकाच्या मुखापुढे वीतभर अंतरावर उभ्या असलेल्या एका उपकरणाचा उल्लेख क्वचितच आढळतो. ते उपकरण म्हणजे ध्वनिग्राहक, म्हणजेच मायक्रोफोन. तो आला, आवाज मोठा झाला, श्रोते वाढले, एवढ्या तीन वाक्यांत त्याचा इतिहास आटोपण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ह्या रीतीत एक मूलभूत चूक दडलेली आहे. ध्वनिग्राहक हे कोण्या एका वस्तूचे नाव नसून निरनिराळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या अनेक उपकरणांचे ते सामान्यनाम आहे. आणि त्यांतील कोणते उपकरण निवडले, ते किती अंतरावर व कोणत्या दिशेस ठेविले, ह्यावर श्रोत्यांच्या कानी नेमके काय पडले हे अवलंबून असते. म्हणून त्याची निवड ही केवळ तंत्रज्ञाची बाब मानता येत नाही. ती इतिहासकाराचीही बाब आहे.

व्यासपीठाकरिता ध्वनिग्राहक घडविताना शास्त्रज्ञांपुढे मुख्य प्रश्न कोणता होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सूक्ष्मातिसूक्ष्म ध्वनी टिपण्याची शक्ती ह्या उपकरणास फार लवकर लाभली होती. त्यास अवघड गेले ते काही ध्वनी न ऐकणे. व्यासपीठावरील ध्वनिग्राहकाचा इतिहास हा बहुतांशी ह्या निवडक बहिरेपणाचा इतिहास आहे, आणि त्या बहिरेपणाची किंमत आपल्या मैफलीत सर्वांत आधी तंबोऱ्याने मोजली, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

ध्वनिग्राहकापूर्वीच्या काळी निवड व्हावयाची ती कंठाची. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पुढे सुमारे पन्नास वर्षे मराठी संगीत रंगभूमी विजेच्या साहाय्यावाचून गायिली. कीर्तनकार देवळाच्या सभामंडपात आणि शाहीर उघड्या मैदानात त्याहीपूर्वीपासून हेच करीत आले होते. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास शब्द पोचला पाहिजे, हा त्या गायकीचा पहिला नियम होता. तथापि ह्यावरून ते सर्व गायन दणदणीत आवाजाचेच होते असे अनुमान काढणे योग्य नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा जो संयुक्त प्रयोग झाला, त्यात केशवराव भोसले धैर्यधराच्या आणि बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते. एकाची ख्याती तेजस्वी, उंच पट्टीच्या आवाजाबद्दल. दुसऱ्याची लडिवाळ, मुलायम स्वरयोजनेबद्दल. दोघांचेही गाणे त्याच नाट्यगृहात त्याच प्रेक्षकांपर्यंत पोचले. आवाज दूर जाणे हे त्याच्या एकूण मोठेपणावर अवलंबून नसते. पाश्चात्य ऑपेरागायकांच्या आवाजाचे पृथक्करण करताना योहान सुंडबर्ग ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात असे दाखविले, की सेकंदास सुमारे ३००० कंपनांच्या आसपास गायकाची शक्ती एकवटते, आणि वाद्यवृंदाची शक्ती त्या पट्ट्यात ओसरलेली असल्यामुळे एकटा कंठ साऱ्या वृंदावरून पलीकडे ऐकू जातो. मानवी कानही त्याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. ह्यास्तव ‘खडा आवाज’ आणि ‘मोठा आवाज’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत.

आता उपकरणाकडे वळू. ‘मायक्रोफोन’ हा शब्द चार्ल्स व्हीटस्टन ह्याने १८२७ साली वापरला होता, परंतु विजेवर चालणाऱ्या उपकरणास तो रूढ केला डेव्हिड एडवर्ड ह्यूझ ह्याने, १८७८ साली. सैल स्पर्शात असलेल्या कार्बनच्या तुकड्यांवर ध्वनीचा दाब पडला की त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो, हे त्यातील तत्त्व. ह्या यंत्राने माशीच्या पावलांचा आवाजदेखील ऐकू येतो, असे त्या वेळी कौतुकाने सांगितले जाई. ते कौतुक ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण व्यासपीठाचा प्रश्न पुढे नेमका उलटा निघाला. कार्बनचे उपकरण दूरध्वनीत स्थिरावले. त्यात सतत बारीक खरखर असे आणि वाद्याच्या नाजूक अंगाला ते न्याय देऊ शकत नसे. युरोपातील आरंभीच्या नभोवाणीत संगमरवराच्या ठोकळ्यात बसविलेले राइस पद्धतीचे ध्वनिग्राहक गाजले, ते ह्याच कार्बन कुळातील सुधारलेले रूप होय.

१९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंटे ह्याने कंडेन्सर ध्वनिग्राहक सिद्ध केला. ताणलेला धातूचा पडदा आणि त्याच्या मागे अगदी जवळ बसविलेली दुसरी पट्टी, ह्या दोहोंमधील अंतर ध्वनीमुळे बदलते आणि त्याबरोबर विद्युत्‌धारिता बदलते. ह्या शोधाचा हेतू कोणास गावयास लावण्याचा नव्हता. ध्वनीची तीव्रता सर्व कंपनसंख्यांवर सारख्याच विश्वासाने मोजता यावी, ह्यासाठी वेंटेला ते साधन हवे होते. कंडेन्सर जन्मास आला तो प्रयोगशाळेतील मापनयंत्र म्हणून; त्याचे सत्यवचनी वळण आजही त्याच्या ठायी दिसते. १९२५ साली अमेरिकेत विद्युत्‌ध्वनिमुद्रण सुरू झाले, ते ह्या शोधाच्या आधारावर. दरम्यान १९१५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे जेन्सन व प्रिडॅम ह्या दोघांनी ध्वनिवर्धकातून मोठ्या जमावास संगीत व भाषण ऐकवून दाखविले होते. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी उघडले.

ह्या ठिकाणी ध्वनिमुद्रण, नभोवाणी आणि व्यासपीठ ह्यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. पहिल्या दोहोंत ध्वनिग्राहक आणि ध्वनिवर्धक वेगळ्या जागी असतात. व्यासपीठावर दोन्ही एकाच छताखाली असतात. गायकाचा आवाज ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो, तो पुन्हा ध्वनिग्राहकात शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो, आणि ह्या फेऱ्यांतून ती कर्कश शिट्टी उत्पन्न होते, जी प्रत्येक श्रोत्याच्या परिचयाची आहे. डॅनिश शास्त्रज्ञ लार्सन ह्याच्या नावावरून युरोपात ह्यास लार्सन परिणाम म्हणतात. व्यासपीठावर आवाज किती वाढविता येईल ह्याची मर्यादा यंत्राच्या शक्तीने ठरत नाही. ती ह्या शिट्टीने ठरते. त्यामुळे चहूबाजूंनी सारखेच ऐकणारा ध्वनिग्राहक, तो कितीही प्रामाणिक असला तरी, मोठ्या सभागृहात निरुपयोगी ठरू लागला.

१९३० च्या दशकाच्या आरंभी दोन नवी साधने आली. वेंटे आणि थुरास ह्यांनी १९३१ मध्ये तारेचे वेटोळे पडद्यास जोडून चुंबकीय क्षेत्रात हालविणारा ध्वनिग्राहक तयार केला. ह्यासच पुढे डायनॅमिक हे नाव पडले. तो दणकट होता आणि वाराधूळ सोसत असे. त्याच सुमारास आर.सी.ए. कंपनीत हॅरी ओल्सन ह्याने ॲल्युमिनियमच्या अत्यंत पातळ फितीवर चालणारा रिबन ध्वनिग्राहक सिद्ध केला. रिबन पुढून व मागून सारखेच ऐकतो, आणि दोन्ही बाजूंस मात्र जवळजवळ बहिरा असतो. नाटकातील किंवा नभोवाणीतील दोन पात्रे समोरासमोर उभी राहून एकाच रिबनमध्ये बोलू शकत, ती ह्या गुणामुळे. त्याची फीत इतकी नाजूक असते की जोराच्या फुंकरीनेही ती ताणली जाते. म्हणून उघड्या व्यासपीठावर तो फारसा टिकला नाही.

परंतु रिबनने गायनाच्या इतिहासात एक वेगळीच गोष्ट घडविली. दिशा ओळखणारा कोणताही ध्वनिग्राहक ध्वनीच्या दाबातील फरक जाणतो. आणि ध्वनीचा उगम फार जवळ आला म्हणजे खालच्या कंपनसंख्यांवर हा फरक वाढतो. परिणामी मुख जवळ आणले की आवाजाचा खर्ज भरदार होतो. ह्यास समीपता-परिणाम म्हणता येईल. चहूबाजूंनी ऐकणाऱ्या ध्वनिग्राहकात तो नसतो. हलक्या आवाजात, जणू कानाशी बोलल्याप्रमाणे गाण्याची जी धाटणी अमेरिकेत बिंग क्रॉस्बी आदी गायकांनी लोकप्रिय केली, तीस ह्या गुणाचे साहाय्य झाले. कंठाने न कमावलेला भरदारपणा अंतराने मिळू लागला. ह्यास कोणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही. षड्‌ज कोठे ठेवावा हे जसे गायक शिकतो, तसेच तोंड कोठे ठेवावे हेही त्यास शिकावे लागले, एवढेच. पण इतिहासकाराने मात्र येथे सावध राहिले पाहिजे.

सावधगिरी कशी बाळगावी ह्याचे एक उदाहरण मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे आहे. त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमाराच्या, म्हणजे विजेच्या साहाय्यावाचून कर्ण्यात गाऊन घेतलेल्या आहेत. पुढील मुद्रिका १९३० च्या दशकातील, विद्युत्‌ध्वनिग्राहकासमोर गायिलेल्या आहेत. दोहोंची तुलना करून ‘खाँसाहेबांची गायकी उत्तरकाळी अधिक कोमल व अंतर्मुख झाली’ असे म्हणण्याचा मोह सहज होतो. परंतु कर्ण्याने केलेल्या मुद्रणात खालचे व वरचे बरेचसे स्वरांश मुळातच उमटत नसत, आणि कर्ण्यात सुई हालण्याइतका जोर गायकास लावावा लागे. मध्ये तीस वर्षांचे वयही गेलेले आहे. अशा वेळी कोमलपणाचे किती श्रेय गायकीस, किती वयास आणि किती उपकरणास, हे वेगळे केल्यावाचून विधान करणे म्हणजे चष्म्याचा रंग भिंतीला चिकटविण्यासारखे आहे.

व्यासपीठाचा खरा तोडगा १९३९ मध्ये निघाला. तोवर एका दिशेने ऐकणारा ध्वनिग्राहक करावयाचा तर दोन स्वतंत्र अंगे एका कवचात बसवून त्यांची बेरीज-वजाबाकी करावी लागे. ते अवजड व महाग पडे. शिकागोच्या शूर कंपनीत बेंजामिन बाउअर ह्याने एकाच वेटोळ्याच्या अंगाने ते साधले. पडद्याच्या मागे छिद्रे ठेवून त्यांतून येणारा ध्वनी हिशेबाने विलंबित केला, म्हणजे पाठीमागून आलेला ध्वनी पडद्याच्या दोन्ही बाजूंस एकाच क्षणी पोचतो आणि पडदा हालत नाही. समोरून आलेल्या ध्वनीस हा अडथळा नाही. अशा ध्वनिग्राहकाच्या श्रवणक्षेत्राचा आलेख हृदयाकृती निघतो, म्हणून त्यास कार्डिऑइड म्हणतात. चहूबाजूंनी येणाऱ्या ध्वनिशक्तीपैकी सुमारे एक तृतीयांशच तो स्वीकारतो. हा युनिडाइन ५५, मोटारीच्या पुढच्या जाळीसारख्या चकचकीत पट्ट्यांचा. जगातील असंख्य वक्त्यांच्या व गायकांच्या छायाचित्रांत तो दिसतो. पुढे त्याच कंपनीच्या अर्नेस्ट सीलर ह्याने १९५९ मध्ये हे अंग इतके लहान केले की ध्वनिग्राहक कांडीसारखा होऊन टोकाने ऐकू लागला. १९६५ चा एसएम ५७ आणि १९६६ चा, गोल जाळीचा एसएम ५८ ही त्याचीच अपत्ये. गंमत अशी, की नावातील ‘एसएम’ ही अक्षरे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ची आहेत, कीर्ती मात्र व्यासपीठाने दिली.

ह्या गोल जाळीच्या ध्वनिग्राहकाच्या रचनेतील तीन गोष्टी आपल्या विषयास महत्त्वाच्या आहेत. तो ओठांपासून बोटभर ते वीतभर अंतरावर वापरावा असे गृहीत आहे. म्हणून समीपतेने वाढणारा खर्ज आटोक्यात राहावा ह्यासाठी त्याची खालची बाजू जाणून उतरती ठेविलेली आहे. त्याच्या प्रतिसादाची घोषित व्याप्ती ५० ते १५,००० कंपनांची. आणि सुमारे चार ते सहा हजार कंपनांच्या पट्ट्यात त्यास मुद्दाम उठाव दिलेला आहे, जेणेकरून गजबजाटातही व्यंजने स्पष्ट उमटावीत. म्हणजे तो विद्युत्‌गिटार आणि ढोल ह्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, ओठ लावून गाणाऱ्या गायकाकरिता उत्तम आहे. असे साधन तंबोऱ्यापुढे हातभर अंतरावर ठेविले म्हणजे काय होईल, हे वरील तीन गोष्टींवरूनच सांगता येते. उतरत्या बाजूची भरपाई करणारी समीपता तेथे नसते. म्हणून खर्जाची तार क्षीण होते. वरच्या पट्ट्यातील उठावामुळे जवारीचा काही भाग पुढे येतो, पण सर्वांत वरचे सूक्ष्म अंश वेटोळ्याच्या वजनामुळे मंदावतात. उरतो तो मधला भाग, म्हणजे मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा एक पातळ आवाज.

तंबोऱ्याच्या बाबतीत हे नुकसान सामान्य नव्हे. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२० च्या सुमारास भारतीय वाद्यांवर जे संशोधन केले, त्याचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या अंशस्वरांची गाठ असते ते अंशस्वर उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ ह्यांचा नियम होता. तंबोरा व वीणा ह्यांच्या वक्र घोडीमुळे हा नियम मोडतो आणि ते अंशस्वरही जोरकसपणे ऐकू येतात, असे रामन ह्यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. तंबोऱ्याचे सारे सामर्थ्य ह्या अंशस्वरांच्या समृद्धीत आहे. तारा चार, पण गंधार कोणी न छेडता ऐकू येतो, ही अनुभवाची गोष्ट आहे. १९२० मध्येच रामन व त्यांचे सहकारी ह्यांनी तबला-मृदंगाविषयी असेच दाखविले, की शाईच्या भारामुळे ह्या वाद्यांचे पहिले काही अंशस्वर परस्परांशी पूर्णांक प्रमाणात बसतात. साध्या चामड्याच्या ढोलात ते तसे बसत नाहीत. दोन्ही संशोधनांचा अर्थ एकच: आमच्या साथीच्या वाद्यांचे स्वरत्व त्यांच्या वरच्या अंशांत आहे. ज्या ध्वनिग्राहकाने ते अंश गाळले, त्याने वाद्य लहान आवाजात ऐकविले असे नव्हे. त्याने वेगळे वाद्य ऐकविले.

आणखी एक हिशेब पाहू. मोकळ्या जागेत उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. गायकाचे मुख ध्वनिग्राहकापासून १५ सेंटिमीटरवर आणि मागचा तंबोरा ७५ सेंटिमीटरवर आहे असे धरा. अंतर पाचपट, म्हणजे केवळ अंतराने तंबोरा सुमारे १४ डेसिबेल मागे पडतो. गायकाने मागे सरून ३० सेंटिमीटरवर तोंड ठेविले, तर हाच फरक सुमारे ८ डेसिबेल राहतो. जुन्या बैठकीत श्रोता दोघांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असे. त्याच्या दृष्टीने हा फरक शून्यच होता. ध्वनिग्राहक जसजसा ओठांजवळ आला, तसतसा तंबोरा मैफलीतून निघून गेला. मग त्याच्यासमोर वेगळा ध्वनिग्राहक ठेवणे आले, आणि १९८० नंतर तर विद्युत्‌तंबोऱ्याची पेटी थेट यंत्रास जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. ह्या पेटीच्या प्रसारास आळस हे कारण सांगितले जाते. ते अपुरे आहे. जो तंबोरा सभागृहात आधीच ऐकू येईनासा झाला होता, त्याच्या जागी पेटी ठेवणे कोणास जड गेले नाही.

हाच प्रश्न अन्य देशातील ध्वनिक वाद्यांच्या संगीतासही पडला होता. अमेरिकेतील ब्लूग्रास पद्धतीचे उदाहरण बोधप्रद आहे. १९४० च्या दशकात बिल मन्‍रोच्या वृंदातील मँडोलिन, बँजो, गिटार, फिडल आणि गायक असे सारे जण एका ध्वनिग्राहकाभोवती उभे राहात. ज्याची पाळी असेल त्याने पाऊल पुढे टाकावे, पाळी संपली की मागे सरावे. समतोल साधावयाचा तो पायांनी. पुढे प्रत्येकास स्वतंत्र ध्वनिग्राहक मिळाला, आणि १९९० च्या दशकात डेल मकूरीसारख्या काहींनी पुन्हा जुन्या एका ध्वनिग्राहकाची रीत स्वीकारली, ती आता मोठ्या पडद्याच्या कंडेन्सरसह. आपल्या मैफलीत हा उपाय शक्य नव्हता, कारण आपले कलावंत बैठक मारून बसतात. तबलजी पाळी आली म्हणून पुढे सरकत नाही, सारंगिया मागे जात नाही. पुढे-मागे होते ते फक्त गायकाचे मस्तक. ह्यामुळे वाद्यांचा परस्परतोल जो कलावंतांच्या हाती होता, तो व्यासपीठाच्या बाजूस बसलेल्या माणसाकडे गेला. ह्या माणसाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच असते.

भारतात व्यासपीठावर जी सामग्री प्रथम आली ती मुख्यतः भाषणाकरिता होती, हेही विसरता कामा नये. १९३० च्या दशकापासून राष्ट्रीय सभांच्या व्यासपीठावर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी लावलेले ध्वनिग्राहक दिसतात; पाटी शिकागोची असली तरी पेढी मोटवानींची, म्हणजे देशीच होती. सभेतील कर्णे काही शे कंपनांच्या खालचे फारसे काही बाहेर टाकीत नाहीत. वक्त्यास त्याने अडत नाही. डग्ग्याच्या घुमाऱ्यास व मंद्र सप्तकास अडते. १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला आणि रात्रभर चालणाऱ्या मोठ्या मंडपातील मैफलीचा नवा प्रकार महाराष्ट्राने आपलासा केला. अशा मंडपात ध्वनिवर्धकावाचून गाणे अशक्यच होते. अमीर खाँसाहेबांची मंद्रप्रधान, अतिविलंबित आलापी हजारो श्रोत्यांपुढे उभी राहू शकली, पन्नालाल घोष ह्यांची लांब, जाड बासरी मोठ्या श्रोतृवर्गाची झाली, शिवकुमार शर्मा ह्यांचे संतूर काश्मीरच्या सूफियाना मंडळींतून निघून मैफलीचे स्वतंत्र वाद्य ठरले. ह्या सर्वांमागे कलावंतांची प्रतिभा व परिश्रम तर होतेच, परंतु ध्वनिग्राहकाने ही दारे उघडी ठेविली होती. त्याची तक्रार करताना हे उपकारही मोजले पाहिजेत.

बासरीचा येथे थोडा अधिक विचार करू. कारण निवडीची अडचण तिच्यात उत्तम दिसते. बासरीचा स्वर केवळ फुंकीच्या छिद्रातून निघत नाही. तो पहिल्या उघड्या छिद्रातूनही निघतो, आणि स्वर बदलला की ती जागाही बदलते. ध्वनिग्राहक ओठांशी ठेविला तर फुंकरीचा सुस्कार व ‘फप्’ असा आघात येतो; छिद्रांशी ठेविला तर एक स्वर जवळ, दुसरा दूर होतो. जरा वर व समोर हातभर अंतरावर ठेविला तर वाद्य पूर्ण ऐकू येते, पण मग शेजारचा तबलाही येतो. सतारीची गोष्ट जवळजवळ तशीच: घोडीजवळ नख्यांचा व जवारीचा आवाज, तुंब्याजवळ घुमारा, आणि तरफांचा झंकार दोहोंच्या मध्ये कोठे तरी. वाद्य हे ध्वनीचा बिंदू नसून पृष्ठभाग आहे. जवळून ऐकणारा ध्वनिग्राहक त्या पृष्ठभागाचा एक तुकडा ऐकतो.

ह्या कामी कंडेन्सर श्रेष्ठ, हे उघड आहे. त्याचा पडदा वेटोळ्याचा भार वाहात नसल्याने मिजराबाचा किंवा तबल्याच्या चाटीचा तात्काळ आघात तो तितक्याच तत्परतेने टिपतो. प्रारंभी त्याच्याबरोबर नळ्यांचे स्वतंत्र विद्युत्‌यंत्र बाळगावे लागे. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीच्या केएम ८४ ह्या ट्रान्झिस्टरयुक्त लहान कंडेन्सरास ध्वनीच्याच तारेतून ४८ व्होल्टचा दाब पुरविण्याची सोय झाली, आणि तीच पुढे सर्वत्र प्रमाण ठरली. त्यापूर्वी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत सेसलर व वेस्ट ह्यांनी कायम विद्युत्‌भारित पडद्याचा इलेक्ट्रेट शोधून काढला होता. वाद्यावर चिकटविण्याचे किंवा नटाच्या केसांत लपविण्याचे इवलेसे ध्वनिग्राहक त्यातून आले. तरीही आमच्या व्यासपीठांवर कंडेन्सर बिचकत बिचकतच आला. ‘कंडेन्सर लांबचे ओढतो, म्हणून शिट्टी मारतो’ अशी समजूत व्यवस्थापकांत व कलावंतांतही आहे. ही समजूत अर्धी चूक आहे. श्रवणाची आकृती, अंतर आणि अंतिम पातळी सारखी असेल, तर शिट्टीची मर्यादाही दोहोंत जवळजवळ सारखीच असते. तो अधिक संवेदनशील असल्याने वर्धन कमी ठेवावे लागते, एवढेच. लांबचे ओढण्याचा गुण तत्त्वाचा नसून आकृतीचा व अंतराचा आहे. फरक पडतो तो असा, की कंडेन्सर सहसा वाद्यापासून दूर ठेवितात. मग दूर ठेविल्याचे खापर त्याच्या जातीवर फुटते.

आकृतीच्या निवडीतही अशीच गफलत होते. शुद्ध हृदयाकृती ध्वनिग्राहक नेमका पाठीमागे, म्हणजे १८० अंशांवर, बहिरा असतो. त्याहून निमुळता सुपरकार्डिऑइड सुमारे १२५ अंशांवर बहिरा असून थेट मागून मात्र थोडे ऐकतो. बैठकीतील गायकासमोर ध्वनिग्राहक खालून वर, मुखाकडे रोखलेला असतो. त्याची पाठ समोरच्या जमिनीकडे येते. गायकास स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून तेथेच एक ध्वनिवर्धक ठेवण्याचा प्रघात आहे. हृदयाकृतीस ही जागा निर्धोक. अधिक ‘चांगला’ म्हणून सुपरकार्डिऑइड आणला आणि ध्वनिवर्धक जागचा हालविला नाही, तर निवड सुधारूनही शिट्टी वाढते.

ध्वनिवर्धनाने श्रोत्यांच्या ठायी काय बदलते ह्याचा एक प्रसिद्ध प्रसंग १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घडला. बांगलादेशातील निर्वासितांच्या साहाय्यार्थ झालेल्या त्या कार्यक्रमात रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती हे वाद्ये लावू लागले, आणि लावून होताच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हा प्रसंग परकीयांच्या अज्ञानाचा मासला म्हणून हसत सांगितला जातो. मला त्याचा दुसराही अर्थ दिसतो. घरगुती बैठकीत स्वर लावणे ही श्रोत्यांच्या बोलण्याखाली चालणारी पूर्वतयारी असते; ती वाढवून सहस्रावधी लोकांच्या अंगावर सोडली म्हणजे तिचे रूपांतर प्रयोगात होणे स्वाभाविक आहे. ध्वनिग्राहक पूर्वतयारी आणि प्रयोग असा भेद करीत नाही.

मराठी रंगभूमीवर ह्याच्या उलट दिशेने प्रवास झाला. बोलपट आले; १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ निघाला, १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत कॅमेऱ्यापुढे आले. चित्रपटाने प्रेक्षकांच्या कानास जवळच्या आवाजाची सवय लाविली, आणि नाट्यगृहातला दूरचा आवाज त्यांस दूरचा वाटू लागला. पुढे रंगमंचाच्या कडेवर ध्वनिग्राहक मांडण्याची पद्धत पडली. अशा ध्वनिग्राहकास नटाचा आवाज दोनदा पोचतो, एकदा सरळ व एकदा फळ्यांवरून परावर्तित होऊन. दोहोंच्या वेळांत किंचित फरक असल्याने काही स्वरांश नष्ट होतात आणि आवाज पोकळ वाटतो. १९८० च्या सुमारास पृष्ठभागालगत पडदा बसविणारे ध्वनिग्राहक बाजारात आले, त्यांनी हा दोष दूर केला, कारण त्यांच्यापाशी दोन्ही ध्वनी एकत्रच येतात. आता बहुतेक संगीत नाटकांत गालाशी चिकटविलेला इलेक्ट्रेट असतो. नटाने पाठ फिरविली, धावला, कुजबुजला, तरी अंतर बदलत नाही. आणि अंतर बदलत नसल्यामुळे आवाजावरून नट रंगमंचावर कोठे उभा आहे हे डोळे मिटून सांगता येत नाही.

अभ्यासकांनी ह्या सर्वाचा उपयोग कसा करावा, ह्याविषयी थोडे लिहितो. जुन्या मैफलींच्या ध्वनिफितींबरोबर ध्वनिग्राहकांची नोंद बहुधा मिळत नाही. छायाचित्रे मात्र पुष्कळ मिळतात, आणि ती आजवर आपण चेहऱ्यांसाठीच पाहिली आहेत. छायाचित्रात उभ्या पट्ट्यांचा चकचकीत ध्वनिग्राहक दिसला तर ते १९३९ नंतरचे. गोल जाळीचा एसएम ५८ दिसला तर १९६६ च्या पूर्वीचे असणे अशक्य. सन न लिहिलेल्या छायाचित्राची एक मर्यादा ह्यावरून निश्चित होते. त्यानंतर गायकाच्या ओठांपासून जाळीपर्यंतचे अंतर त्याच्याच वितीने मोजावे. छायाचित्रात त्याचा हात बहुधा असतोच. एकूण ध्वनिग्राहक किती ते मोजावे. सारंगी किंवा पेटी गायकाच्याच ध्वनिग्राहकाच्या वाट्यास आली आहे का, तबल्यापुढील ध्वनिग्राहक दायाकडे झुकला आहे की डग्ग्याकडे, हे पाहावे. आणि मागच्या बाजूस, बहुधा अंधारात, दोन तंबोरे धरून बसलेल्या शिष्यांपुढे काही उभे केले आहे की नाही, ते भिंग लावून पाहावे.